कबुलीची बोरं

एका गावात एक गुरुजी होते, आणि त्यांच्या कपाटात एक लठ्ठ पुस्तक होतं. त्या कपाटाला कोणी हात लावायचा नाही, असा शाळेचा नियम होता.

दर फेब्रुवारीत गुरुजी जॉर्ज वॉशिंग्टन यांचा धडा घ्यायचे. अमेरिकेचे हे पहिले राष्ट्राध्यक्ष. लहानपणी त्यांनी कुऱ्हाडीने वडिलांचं लाडकं चेरीचं झाड तोडलं आणि वडिलांनी विचारताच "बाबा, मीच तोडलं," असं सांगून टाकलं. ही गोष्ट गुरुजी इतकी रंगवायचे की पोरं जेवणाची सुट्टी विसरायची.

मग कबुलीचा तास. अंगणात चिंचेचा एक तोडलेला बुंधा होता. एकेकाने त्यावर चढायचं आणि आपली एक चूक मोठ्याने सांगायची. शिक्षा नाही. उलट गुरुजी टोपलीतून एक टपोरं बोर काढून हातावर ठेवायचे, कारण चेरी गावात कोणी पाहिलीच नव्हती. हा सोहळा बघायला आईबाप आणि सरपंचही यायचे.

सातवीत एक मुलगी होती. गुरुजींचा शब्द म्हणजे तिला काळ्या दगडावरची रेघ. कबुलीच्या आदल्या दिवशी गुरुजींनी तिला आपल्या खोलीतून खडू आणायला पाठवलं. तिथलं ते कपाट उघडंच होतं. पुस्तकावर वॉशिंग्टन यांचं चित्र दिसलं आणि तिला राहवलं नाही.

तिने पान उघडलं आणि ती थिजलीच. लिहिलं होतं, 'चेरीच्या झाडाची गोष्ट खरी नाही. वॉशिंग्टन यांच्या मृत्यूनंतर एका चरित्रकाराने ती रचली.' ओळीखाली लाल पेन्सिलीची रेघ होती. बाजूला गुरुजींच्या गोल अक्षरात 'अरेरे!' आणि नऊ वर्षांपूर्वीची तारीख.

नऊ वर्षं! गुरुजींना ठाऊक होतं, तरीही?

दुसऱ्या दिवशी ती बुंध्यावर चढली. घरून तिने एक साधीशी चूक ठरवून आणली होती, डब्यातली भाकरी कुत्र्याला घातल्याची. तेवढं सांगितलं की बोर मिळालं असतं आणि गुरुजींची अब्रूही राहिली असती. पण बोराकडे बघून तिला वाटलं, हे तर खरं बोलणाऱ्याचं बोर.

"गुरुजी, मी न विचारता तुमचं पुस्तक वाचलं. चेरीची गोष्ट खोटी आहे. त्याखाली तुमचीच रेघ आहे."

सरपंच ओरडले, "खाली उतर! गुरुजींना खोटं पाडतेस?" तिची आई पदरात तोंड लपवून रडू लागली. गुरुजी एक शब्द जरी बोलले असते, "पोर खोटं बोलते," तरी गावाने तेच मानलं असतं.

गुरुजींचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते उठले, मुलीला हात देऊन खाली उतरवलं आणि स्वतः बुंध्यावर चढले.

"पोर खरं बोलते. मला माहीत होतं. गोष्ट गोड होती, तुम्ही खरं बोलायला लागला होतात. वाटलं, चांगल्यासाठी एवढं खोटं चालतं." त्यांनी डोळे पुसले. "आणखी ऐका. वॉशिंग्टन यांनी लढाई जिंकली, सत्ता हातात असताना आपणहून सोडली, हे खरं. आणि त्यांच्या शेतावर गुलाम राबत होते, हेही खरं. तेही मी लपवलं."

"म्हणजे ते माणसं विकत घ्यायचे?" पहिलीतला एक मुलगा किंचाळलाच.

"हो, बाळा."

मागून कोणीतरी पुटपुटलं, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण." गुरुजींनी मान खाली घातली आणि ते तसेच उभे राहिले.

मुलगी टोपलीपाशी गेली. शोधून शोधून तिने सगळ्यांत टपोरं बोर काढलं आणि गुरुजींच्या हातावर ठेवलं.

"घ्या, गुरुजी," ती म्हणाली. "खरं बोललात ना!"

तात्पर्य: खरेपणाचा धडा खोट्या गोष्टीतून देऊ नये, नाहीतर तो एक दिवस आपल्याच विद्यार्थ्याकडून शिकावा लागतो.