पेंढ्यात लपवलेला दिवा

फार जुन्या काळची ही हकिकत आहे. लहानांनी ती ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावी.

खाडीकाठच्या एका गावात तेल गाळणाऱ्यांची दहा-बारा घरं होती. ही माणसं इस्राएली. शुक्रवारचा सूर्य मावळला की ती तेलाचे घाणे थांबवत आणि शनिवारभर कामाला हात लावत नसत, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. त्यांच्यातच हसाजी आणि त्याची बायको सिपोराबाई राहत. त्यांना तीन मुलं होती. थोरली दिना नऊ वर्षांची, मधला एलोजी सात वर्षांचा, आणि धाकटा मोशा अवघा चार वर्षांचा.

थंडी पडली की त्यांचा हनुक्का येई. फार पूर्वी शत्रूनं यरुशलेमचं पवित्र मंदिर विटाळलं होतं. या लोकांच्या पूर्वजांनी ते परत मिळवलं, धुऊन पुसून स्वच्छ केलं आणि ते दिवा लावायला गेले, तर कुपीत तेल जेमतेम एका दिवसाचं. पण तेवढंच तेल आठ दिवस जळलं. त्याची आठवण म्हणून आठ संध्याकाळी दिवे लावायचे. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, असं करत आठव्या दिवशी आठ.

त्या वर्षी सिपोराबाईनं मनाशी ठरवलं, की मुलांच्या जन्मभर लक्षात राहील असा हनुक्का करायचा. ती दोन महिने आधीपासून तयारीला लागली. कोणत्या दिवशी वडे, कोणत्या दिवशी करंज्या, कोणत्या दिवशी कोणते पाहुणे, मुलांनी कोणते कपडे घालायचे आणि दिवे लावताना कुठे उभं राहायचं, हे सगळं तिनं पक्कं केलं. रात्री अंथरुणावर पडली तरी ती बोटांवर आठ दिवस मोजत असे.

मुलांनाही फार हौस होती. दिना वाती वळायला बसली. तिच्या वाती कुठे जाड, कुठे बारीक झाल्या. ती उठून गेल्यावर सिपोराबाईनं त्या सगळ्या उलगडल्या आणि नीट वळून ठेवल्या. दिनानं दारातून ते पाहिलं आणि ती परत गेली. एलोजीला पितळी दिवा चिंचेनं घासायचा होता. "तुझ्यानं डाग राहतात," असं म्हणून तिनं तो त्याच्या हातातून काढून घेतला. मोशाला पिठाचा एक गोळा हवा होता.

"नंतर देते," ती म्हणाली.

"नंतर म्हणजे कधी?"

"सगळं झालं की."

पण सगळं कधी होतच नव्हतं. पहिल्या चार संध्याकाळी पाहुणे आले, जेवले, वाखाणणी करून गेले. मुलं धुतलेल्या कपड्यांत भिंतीला टेकून उभी राहिली. सिपोराबाई दमून जाई, पण तिला समाधान वाटे. मुलांसाठीच तर चाललंय, असं ती स्वतःला सांगे, आणि ते खोटं नव्हतं.

पाचव्या दिवशी समाजाचे मुकादम सहकुटुंब यायचे होते. दुपारपासूनच चुलीवर कढई चढली. मोशा दोनदा पायांत आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा सिपोराबाईनं दिनाला बोलावलं.

"या दोघांना घेऊन बाहेर जा. मी हाक मारेपर्यंत एकानंही घरात पाऊल टाकायचं नाही."

"कुठे जाऊ?" दिनानं विचारलं.

"कुठेही जा. पण कपडे मळवू नका."

सूर्य खाडीवर टेकला. मुकादम आले, त्यांच्या घरची माणसं आली. हसाजीनं त्यांना ओटीवर बसवलं. पितळी दिव्यात तेल भरून तयार होतं. सिपोराबाई नवं लुगडं नेसून मुलांना हाक मारायला मागल्या दारी आली. अंगणात कोणी नव्हतं. विहिरीपाशीही कोणी नव्हतं. विहिरीच्या काठावर दिनाचा एक पैंजण पडलेला दिसला, आणि सिपोराबाई काठाशी धावली. तिनं वाकून आत पाहिलं. पाणी शांत होतं.

तेवढ्यात घाण्याच्या खोपटाकडून मुलांचा आवाज आला. तिचा जीव भांड्यात पडला. आता चांगलं फैलावर घ्यायचं, असं ठरवूनच ती तिकडे निघाली. दार लोटलेलं होतं. ती दाराला हात लावणार, इतक्यात आतलं बोलणं तिच्या कानावर पडलं.

"बाजूला व्हा, बाजूला व्हा. आत्ताच सारवलंय." तो दिनाचा आवाज होता, पण बोलण्याची ढब हुबेहूब सिपोराबाईची होती.

मुलं हनुक्का हनुक्का खेळत होती. दाराच्या फटीतून तिला दिसलं. तीन करवंट्यांत त्यांनी थोडं थोडं तेल घातलं होतं, आणि शेजारच्या चुलीतली पेटती काडी आणून वाती लावल्या होत्या.

"मी मुकादम," एलोजी घसा खाकरून म्हणाला. "दिवे छान लावलेत हो, सिपोराबाई."

"तुम्हाला आवडले म्हणजे झालं," दिना म्हणाली. "पान घ्या ना."

"आणि मी कोण?" मोशानं विचारलं.

"तू दुसरा पाहुणा."

"मला पाहुणा नाही व्हायचं. मला मूल व्हायचंय."

"मूल नसतं," दिनानं समजावलं. "हनुक्क्याला मुलांना बाहेर पाठवतात."

तिच्या बोलण्यात राग नव्हता की तक्रार नव्हती. खेळाचा नियम सांगावा तसं तिनं सांगितलं. मोशानं थोडा विचार केला.

"मग मी कधी यायचं?"

"मोठा झालास की ये. पाहुणा होऊन."

सिपोराबाई जागच्या जागी थिजली. कोणीतरी अंगावर गार पाण्याची घागर ओतावी तसं तिला झालं. दोन महिने राबून आपण मुलांना काय शिकवलं, ते तिनं आत्ता आपल्याच कानांनी ऐकलं होतं. आत जाऊन तिघांना पोटाशी धरावं असं तिला वाटलं, पण हात हलेना. मग नकळत तिच्या अंगाचा भार दारावर पडला आणि दार करकरत उघडलं.

तिघांनीही वळून पाहिलं. एलोजी दोन पावलं मागे सरला. दिनानं घाईघाईनं झग्यावरचा पेंढा झटकला.

"आम्ही कपडे नाही मळवले," ती म्हणाली.

आणि मोशानं, चार वर्षांच्या मोशानं, आपली करवंटी दोन्ही हातांनी उचलली आणि मागच्या पेंढ्यात खुपसली. मग तो पेंढ्यापुढे आडवा उभा राहिला.

"इथे काही नाही," तो म्हणाला.

क्षणभर कोणालाच काही कळलं नाही. मग मोशाच्या पाठीमागून एक पिवळी जीभ वर आली. बैलासाठी रचलेला तो पेंढा कोरडा ठणठणीत होता. बघता बघता आग छपराच्या झावळ्यांपर्यंत पोचली आणि मोशाच्या सदऱ्याची मागची कड पेटली. तो हलला नाही. आईला दिवा दिसू नये म्हणून तो तसाच उभा राहिला.

सिपोराबाईनं झेप घेतली. तिनं त्याला ओढून खाली पाडलं, उघड्या तळव्यांनी सदऱ्यावरची आग दाबली आणि अंगावरचा पदर त्याच्याभोवती गुंडाळला. एलोजी आणि दिना दारातून बाहेर पळाली. त्यांच्या ओरडण्यानं ओटीवरची माणसं धावली. हसाजीनं खोपटातल्या बैलाचं दावं कापून त्याला बाहेर काढलं. मुकादमांनी डोक्यावरची पगडी खुंटीला नव्हे, सरळ कुंपणावर टाकली आणि ते विहिरीवर रहाट ओढायला उभे राहिले. घागरी हातोहात फिरल्या. तरीही छप्पर खाली आलं. घाण्याची लाकडी लाट अर्धी कोळशासारखी काळी झाली. पण माणसं वाचली, बैल वाचला, आणि आग घरापर्यंत गेली नाही.

सिपोराबाई मोशाला मांडीवर घेऊन अंगणात बसली होती. त्याच्या मानेवरचे केस करपले होते आणि पाठीवर रुपयाएवढा फोड आला होता. तिचे स्वतःचे तळवे लालभडक सोलवटले होते, पण त्याची तिला शुद्ध नव्हती.

"तू दिवा का रे लपवलास?" तिनं विचारलं.

"तू बघशील म्हणून."

तिनं त्याचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. हनुक्क्याचा दिवा लोकांनी पाहावा म्हणून लावायचा असतो. तिच्या लेकरानं तो आईपासून लपवला होता, आणि त्यापायी पाठ जाळून घेतली होती.

मुकादमांच्या बायकोनं कोरफडीचा गर आणून तिच्या हातांना लावला आणि वर मऊ फडकं बांधलं. मुकादम भिजलेल्या धोतरानिशी शेजारी येऊन बसले.

"सिपोरा, दिवे अजून लावायचे आहेत," ते म्हणाले. "पाच. मुलं कुठे उभी राहतात तुझ्याकडे?"

"भिंतीपाशी," ती म्हणाली. "कपडे खराब होऊ नयेत म्हणून."

मुकादमांनी मुलांकडे पाहिलं. सिपोराबाई आपलंच उत्तर ऐकून रडायला लागली. तिन्ही मुलं तिच्या तोंडाकडे बघत राहिली, कारण आईला रडताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी हसाजीनं दिव्यांची प्रार्थना म्हटली आणि पाच दिवे दिना आणि एलोजीनं लावले. मोशाला बोलावलं, तर त्यानं दोन्ही हात पाठीमागे धरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारणी आल्या. हात भाजलेत, तर उरलेले तीन दिवस आम्ही रांधून देऊ, असं त्या म्हणाल्या. सिपोराबाईनं त्यांचे आभार मानले, पण नको म्हटलं. मग ती मुलांना घेऊन जमिनीवर बसली.

"तीन दिवस राहिलेत आणि तुम्ही तिघं आहात," ती म्हणाली. "एकेक दिवस एकेकाचा. काय करायचं, ते तुम्हीच सांगा. आणि आधी एक गोष्ट ऐका. मी तुम्हाला बाहेर काढलं, ते चुकलं माझं."

मुलांना आधी हे खरंच वाटेना. दिना सारखी बापाच्या तोंडाकडे पाहत होती. शेवटी तिनं धीर केला. तिला मंदिराची गोष्ट सगळ्यांना आपण सांगायची होती. सहाव्या संध्याकाळी तिनं ती सांगितली. मधेच विसरली, पुन्हा सुरुवातीपासून सुरू केली, आणि कोणी तिला घाई केली नाही. एलोजीला गावातल्या म्हाताऱ्या कासाराकडे वडे घेऊन जायचं होतं, कारण त्याच्याकडे कोणी येत-जात नसे. सातव्या दिवशी वडे मुलांनीच थापले. काही चौकोनी झाले, एक करपला. कासारानं ते सगळे खाल्ले.

मोशा मात्र काही सांगेना. दोन्ही संध्याकाळी दिवे लावताना तो हात पाठीशी बांधून दूर उभा राहिला. सिपोराबाईला आत कुठेतरी खुपत होतं, पण तिनं त्याला ओढलं नाही.

आठव्या दिवशी सकाळी तो तिच्याजवळ आला.

"आज माझा दिवस?"

"हो, तुझा. काय करू या?"

"तू बसायचं," मोशा म्हणाला.

"म्हणजे?"

"उठायचं नाही. माझ्याजवळ बसायचं."

एवढंच त्याला हवं होतं. त्या दिवशी घरात कढई चढली नाही. सकाळचे पोहे, गूळ आणि खोबरं, यावरच सगळ्यांची संध्याकाळ झाली. पाहुणे नव्हते. सूर्य मावळताना सिपोराबाई दिव्यासमोर जमिनीवर बसली आणि मोशा तिच्या मांडीवर. पितळी दिव्यात आठ वाती होत्या. हसाजीनं पेटती वात त्याच्यापुढे धरली. मोशानं वातीकडे पाहिलं, मग आईकडे.

"सांडलं तर?"

"सांडलं तर पुसू," ती म्हणाली.

त्यानं पाठीमागचा हात पुढे आणला. सिपोराबाईनं फडक्यात गुंडाळलेला आपला हात त्याच्या हाताखाली धरला, वर नाही. एकेक करत आठही वाती लागल्या. शेवटच्या वेळी त्याच्या कोपराचा धक्का बसून थोडं तेल खरोखरच जमिनीवर सांडलं. मोशा श्वास रोखून आईच्या तोंडाकडे बघत राहिला.

सिपोराबाई उठली नाही. तिनं पदराच्या टोकानं ते तेल टिपलं आणि पुन्हा त्याला नीट मांडीवर घेतलं. तेव्हा कुठे मोशानं श्वास सोडला, आणि आपण लावलेल्या दिव्यांकडे तो निवांत बघू लागला.

घाणा पुढे दोन महिने बंद राहिला आणि ते वर्ष घराला जड गेलं. पण त्यानंतर दर वर्षी हनुक्का जवळ आला की सिपोराबाई सगळ्यांत आधी मुलांना समोर बसवी आणि विचारी, "सांगा, या वेळी काय करायचं?"

बोध: मुलांसाठी सण करायचा असेल, तर तो मुलांना सोबत घेऊनच करावा.