पंगत सरकते तेव्हा

शुद्धलेखनाच्या चुका सांभाळून घ्याव्यात. माझी शाळा लवकर सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत.

"मग सरूबाईंचं नाव राहिलंच कसं?" दामोदरबुवांनी पुन्हा विचारलं.

प्रणीत पडद्यावरची यादी खाली-वर करत होता.

मठाच्या दवाखान्याचे निरोप फोनवर पाठवणारा प्रोग्राम त्याचा होता. मठात येण्याआधी बुवा कॉलेजात पायथन ही संगणकाची भाषा शिकवत. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांत आपणच हुशार, असं प्रणीतला वाटे.

सकाळी रावसाहेब कोरडे येऊन गेला होता. त्याचे आईवडील दोघंही याच वर्षी गेले. आईचा फोन त्याने बंद केला नव्हता. काल तो वाजला. मठाचा निरोप होता : सरूबाई, डोळे तपासायला अवश्य या.

"कुठून आणू तिला?" एवढंच रावसाहेब म्हणाला.

आणि प्रणीत म्हणाला होता, "प्रोग्राम चुकत नसतो. तुम्हीच आई गेल्याची नोंद दिली नसेल."

रावसाहेब पायऱ्या उतरून निघून गेला. मग प्रणीतने यादी उघडली. भागूजी कोरडे, मयत. लगेच खाली सरूबाई कोरडे, मयत. नोंद होती...

"यंत्राला काय सांगितलं होतंस?"

"एकेक नाव बघत जा. मयत असेल तर काढून टाक. पुढच्या जागेवर जा."

"त्याच यादीतून काढायचं?"

"हो. दुसरी यादी कशाला? उगाच जागा वाया."

"मोठा काटकसरी तू!"

बाहेर पंगत बसत होती. सोमवार होता. उपासवाल्यांची पानं आतल्या ओसरीवर होती.

"चुकून इथं बसले असतील त्यांना उठव," बुवा म्हणाले. "एका पानावरून पुढच्या पानावर जा. मागे वळायचं नाही."

प्रणीत निघाला.

"उपास आहे का, आजोबा?"

"आहे की!"

"मग आत बसा."

आजोबा गुडघ्यावर हात टेकून उठले. पंगतीत रिकामं पान ठेवायचं नाही, ही मठाची रीत. "सरका, सरका" झालं. शेजारच्या आजी आजोबांच्या पानावर आल्या आणि त्यांच्यामागची सगळी रांग एकेक पान सरकली. प्रणीत पुढच्या पानाशी गेला.

तो टोकाला पोचला तोवर भात वाढायला सुरुवात झाली होती.

"अरे बाबा, मला भात कशाला?" आजी ओरडल्या. "माझाही सोमवार आहे! ह्यांना उठवलंस, मला विचारलंस तरी का?"

पंगत हसली. "राहू द्या आजी, आज देवाला सुट्टी!" कुणीतरी म्हणालं.

"मी तर एकही पान सोडलं..." प्रणीतचं वाक्य अर्धंच राहिलं.

आजी आजोबांच्या पानावर बसल्या होत्या. ते पान तो केव्हाच मागे टाकून आला होता.

"भागूजींना काढलं... आणि सरूबाई त्यांच्या जागी सरकल्या. यंत्र पुढे निघून गेलं."

बुवा आजींच्या पानाशी आले.

"आणि मी रावसाहेबांच्या तोंडावर..."

बुवांनी आजींच्या पुढ्यातलं पान उचललं, त्यांना हात देऊन उठवलं.

"बुवा, शेवटाकडून उलटं काढत आलो तर? मग कुणी सुटणार नाही."

"नाही सुटणार."

"मग तसंच करतो."

"अजून काढण्यातच अडकलायस."



"मग काय करू?"

"गेलेल्यांना काढू नकोस, प्रणीत. आहेत त्यांना बोलाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने जुनी यादी होती तशीच ठेवली. हयात असलेल्यांची नवी यादी प्रोग्रामच्या एका ओळीत तयार झाली. मग ओढा ओलांडून तो कोरड्यांच्या दारी गेला.

रावसाहेब अंगण झाडत होता.

"नोंद तुम्ही दिली होती," प्रणीत म्हणाला. "चूक माझी होती."

रावसाहेबाने वर पाहिलं नाही. तो झाडत राहिला, आणि प्रणीत तिथेच उभा राहिला.