उतारवाडीचा घरंगळगाडा

एका टेकडीच्या पायथ्याला उतारवाडी नावाचं गाव होतं आणि त्या गावात हैबती नावाचा एक मानकरी राहत होता. दर चैत्रात तिथे टेकाईची जत्रा भरायची. जत्रेतला घरंगळगाडा हैबतीनं मान हलवल्याशिवाय सुटायचा नाही. एवढाच त्याचा मान. पण तो त्याला राजाच्या मुकुटाहून मोठा वाटायचा.

हा घरंगळगाडा म्हणजे मोठी गंमत होती. टेकडीच्या उतारावर लाकडी रूळ टाकलेले असायचे. बैलांनी गाडा वर ओढून न्यायचा, वर खुंटी ठोकून अडवायचा आणि मग पोरांनी त्यात बसायचं. खाली ढोल वाजला की वरची माणसं खुंटी काढत. गाडा सुटायचा! त्याला ना इंजिन, ना बैल. तरी असा धावायचा, की बसणाऱ्याच्या पोटात गोळा यायचा आणि तोंडातून किंकाळी फुटायची.

मुलांनो, हा वेग यायचा कुठून? बैलांच्या मेहनतीतून. बैल तोंडाला फेस येईस्तोवर गाडा ओढत. जेवढा उंच नेत, तेवढी त्यांची मेहनत गाड्यात साठून राही. वर पोचलेला गाडा कसा शहाण्यासारखा गप्प उभा असतो, त्याच्याकडे बघून कुणाला भीती वाटत नाही. पण त्याच्या पोटात सगळं साठलेलं असतं. खुंटी निघाली की तेच वेग होऊन बाहेर पडतं. आणि पायथ्याशी आल्यावर ते कुठेतरी उतरावंच लागतं. हवेत विरून जात नाही.

उतारवाडीत ते गवतात उतरायचं. रीतच तशी होती. ज्याला गाड्यात बसायचं त्यानं घरून वाळल्या गवताचा एक भारा आणायचा आणि रुळांच्या टोकाशी टाकायचा. जत्रेच्या दिवशी तिथे माणसाच्या उंचीचा ढीग व्हायचा. गाडा सुसाट येऊन त्या ढिगात घुसायचा, गवत उडायचं, पोरं केसांत काड्या घेऊन खिदळत बाहेर यायची. जत्रा संपली की ते गवत देवळाच्या गाई खायच्या. त्यामुळे सगळ्यांना वाटायचं, गवत देवीसाठीच आहे. रीत उरली होती, तिचं कारण कधीच पुसलं गेलं होतं.

एका वर्षी पलीकडच्या कुरणवाडीच्या जत्रेत विजेवर फिरणारा आकाशपाळणा आला. लाल-निळे दिवे, कर्ण्यावर गाणी. तिथले सरपंच रंगनाथराव बाजारात भेटले आणि हैबतीला म्हणाले, "काय हैबतराव, तुमचा गाडा अजून गवतच खातोय का?"

चारचौघं हसली. हैबतीला ते हसू काट्यासारखं रुतलं.

घरी येऊन त्यानं ठरवलं, यंदा असा गाडा करायचा की कुरणवाडीनं तोंडात बोट घालावं. गाडा पूर्वी टेकडीच्या मध्यावरून, जुन्या चिंचेपासून सुटायचा. त्यानं रूळ थेट माथ्यापर्यंत वाढवले. चाकांना नवी बेअरिंगं बसवली. तालुक्याहून एका मोठ्या साहेबांना पाहुणे म्हणून बोलावलं. आणि पाहुण्यांना गाडा अगदी समोरून, अंगावर आल्यासारखा दिसावा, म्हणून रुळांच्या टोकासमोरच मांडव घातला. पांढऱ्याशुभ्र गाद्या, लोड, तक्के, पुढे रांगोळी.

आता त्या मांडवासमोर गवताचा ढीग कसा शोभणार?

जत्रेच्या सकाळी हैबतीची धुरपाआत्या डोक्यावर भारा घेऊन आली. त्यानं तिला वाटेतच अडवलं.

"आत्या, यंदा गवत न्हाई टाकायचं."

"म्हंजे? देवीला काय सांगू?"

"देवी गवत खाती का? देवीच्या गाई खात्यात. त्यांच्या गोठ्यात नेऊन टाक. पुण्य तेवढंच."

आत्यानं जरा विचार केला. "ते बी खरंच की. उगं इथनं उचलून तिथं टाकायचं, त्यापेक्षा सरळ गोठ्यातच बरं." आणि ती गोठ्याकडे वळली.

तिच्यामागून आलेली सगळी गोठ्याकडे वळली. कुणीसुद्धा विचारलं नाही की गाडा थांबणार कसा. गाडा थांबतो, हे प्रत्येकानं लहानपणापासून पाहिलं होतं. जे रोज होतं ते आपोआप होतं, असंच माणसाला वाटतं.

हैबतीची बायको चंद्रभागा तेवढी म्हणाली, "अवो, टोकाला कायतरी हवं हो. माझं मन खातंय."

"तुझं मन दिवाळीतसुद्धा खातं," हैबती म्हणाला. "फटाका दुसऱ्या गल्लीत वाजतो आन् तू इथं कानांवर हात ठेवतीस."

ती लेकीच्या वेण्या घालायला आत गेली.

दुपार कलली. मांडव भरला. पाहुणे मधल्या तक्क्याला टेकून बसले. त्यांच्या शेजारी, मुद्दाम बोलावलेले, कुरणवाडीचे रंगनाथराव. पहिली फेरी नेहमी देवीची. लहान गाड्यात एक कोहळा ठेवायचा, त्याला हळद-कुंकू वाहायचं आणि गाडा सोडायचा. दुसरी फेरी मानकऱ्याच्या घरची. त्यासाठी माथ्यावर मोठा गाडा तयार होता आणि त्यात हैबतीची मुलगी गोदा बसली होती. नवं परकर-पोलकं, दोन वेण्या, कमरेला शेला बांधलेला. खालून ती पाखराएवढी दिसत होती. ती सारखी हात हलवत होती.

हैबतीनं मान हलवली. ढोल वाजला. वर खुंटी निघाली.

देवीचा गाडा सुटला आणि पहिल्यांदा सगळे "हो ऽ ऽ" करून ओरडले. चिंचेपाशी येईतो तो आवाज विरला. गाडा इतका जोरात येताना कुणी कधी पाहिला नव्हता. रूळ थरथरत होते. आवाज असा, की कुणी आभाळ टराटरा फाडतंय. नजर त्याच्यावर ठरेना. आत्ता तिथे होता, आत्ता इथे! तो रुळांच्या टोकावरून निसटला, रांगोळी चिरत आला आणि मांडवाच्या कडेच्या खांबावर आदळला.

धाड!

बाभळीचा मांडीएवढा जाड खांब. उसाच्या कांड्यासारखा मोडला. कोहळा फुटून त्याचा गर पार पाहुण्यांच्या चष्म्यावर उडाला. मग कुणीतरी हसलं, आणि सारा मांडव हसायला लागला. कोहळा तर नाहीतरी फोडायचाच असतो! लोकांनी टाळ्या पिटल्या. पाहुण्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "वा! याला म्हणतात वेग!"

एकटा हैबती हसला नाही. तो त्या मोडलेल्या खांबाकडे बघत होता. लहान गाडा होता हा. त्यात एक कोहळा होता. आता मोठा येणार. त्यात...

त्याला सगळं कळलं. गवत कशासाठी होतं ते कळलं. उंची वाढवली म्हणजे आपण काय वाढवलं, ते कळलं. आता फक्त एक शब्द बोलायचा होता. थांबा.

पण समोर पाहुणे होते. शेजारी रंगनाथराव होते आणि ते पहिल्यांदाच त्याच्याकडे कौतुकानं बघत होते. भर मांडवात कसं म्हणायचं, की मी चुकलो, मला गवत आणू द्या? हैबतीच्या मनात आलं, सांगायचं कशाला? हळूच वेळ काढू. गुपचूप चार भारे मागवू. कुणाला कळायचं नाही.

तो ओठ ताणून हसला आणि म्हणाला, "पाव्हणं, आधी चहा घेऊ. मग गाडा."

"चहा काय पळून चाललाय?" पाहुणे उत्साहानं उठले. "आधी गाडा! अहो, आमच्या हाताला गुण आहे, बघा." त्यांनी ढोलकऱ्याच्या हातातलं टिपरू घेतलं आणि ढोलावर दणका दिला.

अरे देवा! वरच्या माणसांना खालचं काय दिसणार? त्यांना फक्त ढोल ऐकू येतो. त्यांनी खुंटी काढली.

"गोदा ऽ ऽ!"

ती किंकाळी कुणाची, हे हैबतीला कळलंसुद्धा नाही. ती त्याचीच होती. मग मात्र त्याला ना पाहुणे दिसले ना रंगनाथराव. "उठा! पळा! गाद्या द्या, गाद्या!" असं ओरडत त्यानं पाहुण्यांच्या पायाखालची गादीच ओढली. पाहुणे उताणे पडले. लोक बघतच राहिले. मानकऱ्याला वेड लागलं की काय! चंद्रभागेनं मात्र काही विचारलं नाही. तिनं लोड उचलला आणि रुळांच्या टोकाशी फेकला. मग दुसरा. धुरपाआत्यानं तक्के फेकले. कुणी सतरंजी ओढली, कुणी मांडवाचा पडदा फाडला. रंगनाथरावांनी स्वतःचा फेटा सोडून ढिगावर टाकला. पण ढीग म्हणावा असा तो झालाच नव्हता. गुडघ्याएवढा, फार तर कमरेएवढा.

वरून गोदा येत होती. आधी तिचं हसू ऐकू आलं. हो, ती हसत होती! तिला वाटत होतं, हीच गंमत. चिंचेच्या खाली आल्यावर ते हसू बंद झालं.

हैबती ढिगाच्या मागे गेला. पाठ ढिगाला लावली, पाय जमिनीत रोवले आणि डोळे मिटले.

त्यानंतर काय झालं, ते कुणालाच नीट सांगता आलं नाही. एक प्रचंड आवाज झाला. कापूस उडाला. इतका उडाला, की भर चैत्रात मांडवात धुकं पडल्यासारखं झालं. आणि मग शांतता. अशी शांतता, की बायांनी पदर तोंडात धरले.

त्या कापसात एक लहान पोर ठसकलं. खोकलं. आणि भोकाड पसरून रडायला लागलं.

चंद्रभागा त्या आवाजाकडे धावली. त्याहून गोड आवाज तिनं जन्मात ऐकला नव्हता.

गोदाच्या कोपरांची सालटी निघाली होती, ओठ फुटला होता. बाकी ती धड होती. गाडा मात्र सगळ्या गाद्या-लोडांना रेटत हैबतीच्या उजव्या पायावर येऊन थांबला होता. तो पाय जिथे वाकायला नको तिथे वाकला होता.

महिनाभर हैबती खाटेवर होता. पायाला मांडीपर्यंत प्लॅस्टर. माणसं भेटायला यायची आणि त्याची तोंड भरून स्तुती करायची. "पोरीसाठी गाड्याला आडवा उभा राहिला! बाप असावा तर असा!" कुरणवाडीचे रंगनाथरावही आले. त्यांनी तर हातच जोडले. "हैबतराव, तुमची थट्टा केली, ती मागं घेतो. एवढी छाती आमच्यात न्हाई."

हैबती छताकडे बघत पडून राही. एवढी स्तुती त्याच्या वाट्याला कधी आली नव्हती आणि कधी इतकी बोचलीही नव्हती.

रंगनाथराव आले त्या दिवशी गोदाही खाटेच्या कडेला बसली होती. ती एकाएकी म्हणाली, "आबा, मी केवढ्या जोरात आले! आन् मग एकदम थांबले. मग तो जोर गेला कुठं?"

"देवीनं घेतला बाळा," धुरपाआत्या हात जोडून म्हणाली. "टेकाईनं झेलला तुला."

"न्हाई आत्या." हैबती कोपरावर उठून बसला. "देवीच्या माथी नको मारू. तो जोर गवतानं घ्यायचा होता. गवत मी उचललं. म्हणून तो माझ्या पायानं घेतला." तो रंगनाथरावांकडे वळला. "आन् दुसरं बी ऐका. ढोल वाजायच्या आधी मला समदं कळलं होतं. खांब मोडला तवाच कळलं. 'थांबा' म्हणायचं होतं. पण हे रंगनाथराव बघत होते. मला लाज वाटली. म्हणून मी 'चहा घेऊ' म्हणालो."

रंगनाथरावांनी मान खाली घातली. चंद्रभागेच्या हातातली वाटी खाली पडली आणि तिनं ती उचललीही नाही. ती नवऱ्याकडे नुसती बघत राहिली. जणू गाडा आत्ता, या क्षणी, पुन्हा एकदा सुटला होता.

गोदानं हळूच हात पुढे केला आणि आबांच्या प्लॅस्टरवर ठेवला. मग चटका बसावा तसा झटकन मागे घेतला.

"इथं हाय व्हय तो?" तिनं विचारलं.

"इथंच हाय," हैबती म्हणाला.

तात्पर्य: वेग कमवण्याआधी तो उतरवायची जागा करून ठेवावी, आणि जागा नाही असं कळताच, लाज न धरता, मोठ्यानं 'थांबा' म्हणावं. कारण वेग कुठेतरी उतरतोच, आणि त्याला दुसरं काही मिळालं नाही तर तो आपल्या माणसांवर उतरतो.