काठी फिरेपर्यंत

खूप खूप वर्षांमागची गोष्ट. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी तर नक्कीच ऐकावी, कारण हिच्यात चूक मोठ्यांची आहे.

एका डोंगराच्या दोन अंगांना दोन गावे होती. एक खाली खोऱ्यात, एक वर पठारावर. मधे एक खिंड. देव तेच, भाकरी तीच, पण कायदे अगदी उलटे.

खोऱ्यात बैठक भरली की एक काठी फिरायची. ज्याच्या हातात काठी त्यानेच बोलायचे. आधी सर्वांत थोरल्याने, मग त्याच्याहून धाकट्याने, असे करत शेवटी सर्वांत लहानाने. बोलायचे ते फक्त स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले. काठीवाचून कोणी बोलले, तर त्याचा शब्द मेला. तो पुन्हा कधी धरायचा नाही. सूर्य बुडाला की बैठक संपली. ज्यांची पाळी आली नाही, ते राजी आहेत असे समजायचे.

हे कायदे कोणी उगाच केले नव्हते. एके काळी पाण्यावरून भावकीत तंटा झाला. सगळे एकदम ओरडत होते. त्या गलक्यात कोणी काय म्हटले आणि कोणी काय ऐकले देव जाणे, पण कुऱ्हाडी निघाल्या आणि एका दुपारी पाच चिता पेटल्या. त्या राखेपाशी बसून पहिल्यांदा काठी फिरली. पुढे गावाबाहेर काढलेल्यांची नावे घेऊन त्यांचे भाऊबंद सुडाच्या शपथा घेऊ लागले, तेव्हा आणखी एक कायदा झाला: ज्याला खिंडीपलीकडे घालवले, त्याचे नाव खोऱ्यात कोणी उच्चारायचे नाही.

पठारावर सर्वांत लहान आधी बोलायचे. तिथे एका दुष्काळात झरा आटल्याचे पोरांना ठाऊक होते. पण वडीलधारी 'इथेच राहायचे' म्हणाली आणि पोरे भीतीने गप्प बसली. अर्धे गाव तहानेने गेले. तेव्हापासून तिथली पोरे आधी बोलत, आणि बायकासुद्धा नवऱ्याला खुशाल नावाने हाक मारत.

त्या पठारावरची हौसा लग्न होऊन खोऱ्यात आली. नवरा केरबा, गावच्या बंधाऱ्याचा राखणदार. आल्यावर चारच दिवसांनी तिने शेताच्या या टोकावरून त्या टोकाला हाक दिली, "केरबाऽऽ, भाकर खायला ये!" कापणीला वाकलेल्या बायांच्या हातातले विळे थांबले.

"अगं बया!" एक जण म्हणाली. "नवऱ्याला बोलावतीय का हरवलेल्या शेळीला?"

सासूने तिला घरी नेऊन हळूच समजावले. "पोरी, इथं 'अहो' म्हणायचं असतं."

"आत्याबाई, शेतात पन्नास पुरुष आहेत. 'अहो' म्हटलं तर पन्नास जण येतील की!"

सासूला हसू आले, पण तिने मान हलवली. दोन वर्षे गेली. हौसा 'अहो' शिकली. इतकी शिकली, की माहेरी गेली तरी तिच्या तोंडून नवऱ्याचे नाव निघेना, आणि तिची आई म्हणाली, "तू खोऱ्यातलीच झालीस गं."

तिसऱ्या वर्षी थंडीत हौसा खेकडे धरायला बंधाऱ्यामागे गेली. तिथे तिला बिळे दिसली. एक नाही, दोन नाही, ओळीने नऊ. खेकड्यांनी बांध पोखरला होता आणि दोन बिळांतून पाणी पाझरत होते. तिने संध्याकाळी केरबाला सांगितले.

"उद्या उजाडताच चिकणमाती घालतो," तो म्हणाला. "आज हरभऱ्याला पाणी सोडलंय, ते तोडून चालायचं नाही."

पहाटेच बांध फुटला. गावाचे वर्षाचे पाणी ओढ्याने वाहून गेले, पेरलेला हरभरा गाळाखाली गेला, आणि पाणी सोडायच्या दाराची फळी पार खाली काट्यांत अडकलेली सापडली. लोकांनी फळी पाहिली. "दार उघडं टाकून झोपला," असे एकाने म्हटले आणि दुपारपर्यंत सगळ्या गावाने म्हटले. पाण्याची नासाडी करणाऱ्याला शिक्षा एकच होती, खिंडीपलीकडे घालवणे. कायमचे.

देवळापुढच्या फरशीवर बैठक बसली. केरबा मधोमध उभा. आरोपीलासुद्धा वेगळी पाळी नव्हती. वयाप्रमाणे त्याचा नंबर जवळजवळ शेवटी होता आणि हौसाचा त्याच्याही मागे.

काठी आधी थोरल्या आबांच्या हातात गेली. आबांनी तपकीर ओढली, दोनदा शिंकले, आणि आपल्या आज्याने या बांधाचा पहिला दगड कसा आणला ते सांगू लागले. दगड कुठल्या खाणीतला, बैल कुठल्या रंगाचे, त्यातला एक वाटेत कसा बसला. दुसऱ्या म्हाताऱ्याने आबांचे म्हणणे खरे असल्याचे सांगितले आणि तीच गोष्ट पुन्हा सांगितली, फक्त बैलाचा रंग बदलून. तिसऱ्याला बैलाचा रंग मान्य नव्हता. थंडीचे दिवस, ऊन पायऱ्यांवरून खाली घसरत होते. एकही म्हातारा बंधाऱ्याबद्दल बोलत नव्हता. सगळे स्वतःच्या तारुण्याबद्दल बोलत होते.

"आत्याबाई," हौसा कुजबुजली, "तुमची पाळी आधी येईल. बिळांचं तुम्ही सांगा."

सासूच्या हातात काठी आली. ती उभी राहिली. "माझ्या सुनेनं बांधामागं बिळं बघितलीत. खेकड्यांची. माझ्या लेकानं—"

"तू बघितलीस?" आबांनी विचारले.

"मी नाही, पण सून..."

"सुनेची पाळी आली की सून सांगेल. काठी पुढं."

हौसा ताडकन उठू लागली. सासूने तिचा पदर धरून तिला खाली ओढले. "बस गं! मधेच बोललीस तर तुझा शब्द मेला. मग त्याला वाचवणारं कुणी उरणार नाही. काठी येईल. येईल ती."

हौसा बसली. ओठ आवळून, फरशीवर नखे रोवून बसली. तिने काठीवरून नजर हटवली नाही. काठी एका हातातून दुसऱ्या हातात जात होती आणि प्रत्येक हात ती जरा जास्तच वेळ धरून ठेवत होता, कारण कधीतरीच तर ती मिळायची.

काठी केरबापर्यंतही पोचली नव्हती, हौसापासून ती चार माणसांवर होती, तेव्हा सूर्य बुडाला.

"उरलेले राजी," आबा म्हणाले आणि उठले.

चौघांनी केरबाला खिंडीकडे न्यायला धरले. त्याला फडक्यात दोन भाकरी बांधून दिल्या. हौसा त्याच्यामागे धावली तेव्हा तो थांबला आणि म्हणाला, "तू येऊ नकोस. आईला कोण आहे? आणि ती बिळं बुजव, नाहीतर उरलेला बांधही जाईल."

"सकाळी मी आबांना बिळं दाखवते. मग तेच बोलावतील तुम्हाला. खिंडीतच थांबा. लांब जाऊ नका."

"थांबतो," तो म्हणाला.

उजाडले तेव्हा खोऱ्यात धुके दाटले होते. हौसाने आबांच्या दारात जाऊन त्यांचा हात धरला. सुनांनी असे कोणाचे हात धरायचे नसतात, पण तिने धरला आणि म्हाताऱ्याला बंधाऱ्यामागे ओढत नेले. आबांनी एका बिळात हात घातला. तो कोपरापर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा बोटाला खेकडा लटकलेला होता.

आबा चिखलात खाली बसले. "चूक झाली," ते म्हणाले. "पळा रे! आणा त्याला!"

हे मात्र त्यांच्या बाजूने सांगायला हवे, की त्यांनी क्षणभरही वेळ घालवला नाही. बारा जण खिंडीकडे धावले. हौसाही निघाली होती, पण बातमी ऐकून सासूला भोवळ आली. तिला घरात निजवून, शेजारणीला बसवून निघेपर्यंत ते बारा जण धुक्यात दिसेनासे झाले होते.

खिंडीत वर एका कपारीखाली त्यांना राख सापडली. अजून गरम होती. म्हणजे तो इथेच होता, जवळच होता. बारा जणांनी झाडी शोधायला सुरुवात केली. पण हाक कशी मारणार? ज्याला घालवले त्याचे नाव घ्यायचे नाही. आबांनी 'आणा' म्हटले होते, 'नाव घ्या' म्हटले नव्हते. मग त्यांनी काठ्यांनी झुडपे बडवली. "हो! हो!" करत, टाळ्या वाजवत, ओळ धरून ते पुढे सरकले, रानडुकराला हाकारतात अगदी तसे.

हौसा चढावर धापा टाकत होती. "अहो!" ती ओरडली. "अहो, कुठं आहात?" वरून बारा गळ्यांचा 'हो! हो!' आला. एक वळण चढून ती पुन्हा ओरडली, "अहो!" दुसऱ्या वळणावर तिला आपलाच आवाज ऐकू आला आणि ती जागच्या जागी थिजली. दोन वर्षांत तिच्या जिभेला काय झाले होते?

"केरबाऽऽ!"

खालून, कड्याच्या पोटातून, बारीक आवाज आला. "ओ."

तो तीस हात खाली एका झुडपात अडकलेला होता. दोरीला बांधून लोकांनी त्याला वर आणले तेव्हा त्याची कंबर मोडलेली होती आणि ओठ निळे पडले होते. हौसाने त्याचे डोके मांडीवर घेतले.

"थांबलो होतो गं," तो म्हणाला. "तू सांगितलंस म्हणून थांबलो होतो. मग काठ्या वाजल्या. मला वाटलं, अजून लांब हाकलायला आलेत. म्हणून पळालो." तिचा हात धरून तो म्हणाला, "कुणी नाव घेतलं असतं, तर पळालो नसतो."

उन्हे वर येऊन धुके विरले, त्याच्या आधीच तो गेला.

तेरा दिवस झाल्यावर बैठक बसली. आबांनी काठी स्वतः न घेता हौसाच्या हातात दिली. असे कधी झाले नव्हते.

"पोरी, आजपासून तुमच्या पठारासारखं," आबा म्हणाले. "लहानानं आधी बोलायचं. तू बोल."

हौसा उभी राहिली. बारा जणांतला सर्वांत तरुण पुढेच बसला होता. तिने त्यालाच विचारले, "भाऊजी, तुम्ही त्यांच्या बरोबर सूरपारंब्या खेळलात. एक हाक का नाही मारलीत?"

त्याने मान खाली घातली. "तोंडापर्यंत आलं होतं, वहिनी. बाहेर पडेना."

"माझ्याही तोंडातून पडेना," ती म्हणाली. "मी तर पठारावरची. दोन वळणं मी नुसतं 'अहो, अहो' करत चढले."

मग ती आबांकडे वळली.

"आबा, आमच्या पठाराचं कौतुक नका सांगू. तिथं पोरं आधी बोलतात, हे खरं. पण आदल्या संध्याकाळी आया त्यांना पढवून ठेवतात. माझ्या चुलत्याचं शेत पाच वर्षांच्या पोराच्या तोंडून खोटं वदवून काढून घेतलं. काठी उलटी फिरवून काय होणार? ती थोरल्याकडून येऊ दे नाहीतर धाकट्याकडून, तुम्ही सगळे बसूनच राहणार." तिचा आवाज चढला. "त्या दिवशी बंधारा इथून हाकेच्या अंतरावर होता. माझ्या सासूनं तुम्हाला बिळांचं सांगितलं होतं. उठून चार पावलं जाऊन बघू नये, असं कुठल्या कायद्यात होतं? सांगा ना! होतं का?"

आबांनी विचार केला. "नव्हतं," ते म्हणाले.

"मग का नाही उठलात?"

अनेक वर्षे काठीकडे पाहत बसल्याने खोऱ्यातल्यांना बसायचीच सवय लागली होती आणि सवयीला ते कायदा म्हणत होते.

शेवटी आबा हात जोडून म्हणाले, "पोरी, तुझ्या माणसाचं नाव मोकळं केलं. आजपासून खोऱ्यात कुणीही घ्यावं. तूही घे. मोठ्यानं हाक मार."

हौसाने काठी फरशीवर ठेवली.

"आता मारून कोण 'ओ' देणार, आबा?"

ती सासूचा हात धरून घरी गेली. त्यानंतर खोऱ्यात बैठकीआधी सगळे जाऊन ती जागा पाहून येत, आणि कुठलाही कायदा सांगताना तो कोणाच्या मरणातून आला तेही सांगत. आबा त्यानंतर दोन हिवाळे जगले. लोक सांगतात, ते रोज सकाळी बंधाऱ्यामागे जाऊन बिळे शोधत असत. बिळे सापडली की स्वतःच्या हाताने माती घालत, पण तरीही रात्री त्यांना झोप लागत नसे.

बोध: माणसे कायदा घडवतात आणि मग कायदा माणसांना घडवतो, म्हणून तो कशासाठी केला होता हे जे विसरतात, त्यांच्या हातून कायदा पाळतानाच अन्याय होतो.