अर्धी मठारलेली परात

"...आणि माणूस जातो कुठं?"

हा प्रश्न भालूने आधी डॉक्टरला विचारला होता. डॉक्टरने पेन खिशाला लावलं आणि तो पुढच्या खाटेकडे वळला. मग भटजींना विचारला. भटजी म्हणाले, "दर्भ इकडे कर." आत्याने पदर डोळ्यांना लावला. काकाने विडी पेटवली.



आता तो मंगळनाथबाबांना विचारत होता, तेही डोक्यावर परात घेऊन.

तांबट आळीच्या मागे उतार आहे, उतार संपला की नदी, आणि नदीच्या काठावर नाथपंथी जोग्यांचा लहानसा मठ. मठ कसला, ओटा आणि वर पत्रा. तिथं मंगळनाथबाबा एकटे राहत. सकाळी सारंगी वाजवत चार दारं फिरायची, मिळेल ते खायचं आणि उरलेला वेळ ओट्यावर बसायचं. कुणी काही विचारलं तर उत्तर देतीलच असा भरवसा नसे. तरी लोक येत.

"आधी डोक्यावरचं उतर," बाबा म्हणाले.

"हलेल."

"काय हलेल?"

"दादा."

 बाबांनी उठून स्वतः परातीला हात लावला. दोघांनी मिळून ती चुंबळीसकट ओट्यावर ठेवली. भालूने वरचं फडकं असं काढलं, जसं निजलेल्या मुलाच्या तोंडावरून पांघरूण काढावं.

परातीत ज्वारीचं पीठ होतं. पिठाच्या मधोमध काहीतरी उमटलं होतं.

भालूचा थोरला भाऊ दिगंबर, आळीतला दिगूदादा, कावीळ होऊन बघता बघता गेला. आईबाप आधीच नव्हते. भालूला खाऊपिऊ घातलं ते दादाने. सहावीत शाळा सुटली तेव्हा मारलं नाही तेही दादानेच. दादा भांडं घडवायचा, भालू त्यावर नक्षी कोरायचा. भालूची नक्षी आळीत वेगळी ओळखू यायची. कुणी भेंडी चिरायला घेतली की हा आधी चकती उचलून उन्हात धरायचा. कोळ्याचं जाळं, मधमाश्यांचं पोळं, नदी आटल्यावर चिखलाला पडलेल्या भेगा... जे दिसेल ते दुसऱ्या दिवशी तांब्याच्या गळ्यावर. दादा सगळ्यांना सांगायचा, "आमचं येडं रस्त्याने चालत नाही, रस्ता वाचत जातं."

दादा गेला आणि भालूची छिन्नी गंजायला लागली.

दहाव्याच्या रात्री त्यांच्यात पीठ पसरायची रीत आहे. माणूस जिथं निजायचा तिथं पीठ पसरायचं, शेजारी दिवा, वरून टोपली. सकाळी टोपली उचलायची आणि पिठावर काय उमटलंय ते बघायचं. मुंगीचे पाय दिसले तर मुंगी झाला, पाखराचे दिसले तर पाखरू.

भालूने हट्ट धरला, "पीठ भुईवर नको. दादाच्या परातीत पसरा." आजारी पडला तेव्हा दादा हीच परात घडवत होता. अर्धीच ठोकून, मठारून झाली होती. आत्या म्हणाली, "असं करत नाहीत रे." पण त्याच्या डोळ्यांकडे बघून तिनेच पीठ चाळून दिलं.

सकाळी टोपली उचलली, तेव्हा घरात भांडण.

"मोराचा पाय! माझा दिगू मोर झाला गं बाई!" आत्या म्हणाली.

"मोर? झुरळ फिरलंय पिठातून," काका म्हणाला.

"तुमच्या तोंडात झुरळ! आपल्या भावाचं लेकरू ते!"

शेजारीण म्हणाली, कमळ आहे. भालूने कुणाला हात लावू दिला नाही. परात उचलली, दादाचा हातोडा कमरेला खोचला आणि उतारावरून पाय मोजून टाकत खाली आला.

"हे काय आहे ते सांगा," तो म्हणाला. "दादा काय झाला ते सांगा. तुम्हीही नाही सांगितलं, तर हा हातोडा नदीत फेकतो. पुन्हा तांब्याला हात लावणार नाही. आईची शपथ."

"फेक," बाबा म्हणाले. "माशाला लागणार नाही एवढं बघ."

"थट्टा करू नका बाबा."

"नाही करत."

बाबांनी पिठाकडे बघितलं. मग त्यांनी भिंतीला टेकलेल्या सारंगीचा वाजवायचा गज उचलला, त्याच्या केसांवर राळ घासली आणि परातीच्या काठावर गज टेकवून ओढला.

परात कण्हल्यासारखी वाजली. पीठ दचकलं. मोर, झुरळ, कमळ... जे काय होतं ते क्षणात मोडलं.

भालूने बाबांचं मनगट धरलं. "पुसला! तुम्ही माझा दादा पुसला!"

त्याच्या मुठीत म्हाताऱ्याचं हाड करकरलं असेल. बाबांनी हात सोडवून घेतला नाही.

"खाली बघ," ते म्हणाले.

भालूने बघितलं. परातीच्या मधोमध फूल होतं. मघाचंच. मघाशी फिकट होतं, आता कोरल्यासारखं.

त्याची पकड सुटली. बाबांनी हाताने पीठ सारखं केलं, सगळं सपाट. पुन्हा गज ओढला. कण न् कण धावला आणि आपापल्या जागी जाऊन बसला.

तेच फूल.

वर आळीत हातोडे वाजत होते. सुतकाचे दिवस शेजाऱ्यांनी हातोडा उचलला नव्हता, दिगूचा मान म्हणून. आज दिवस उजाडायच्या आधीच त्यांनी कामं सुरू केली होती. भालूने मान वर केली, ठोके ऐकले, मग परातीकडे बघितलं. तांबटाच्या पोराला आणखी सांगावं लागत नाही.

"म्हणजे..." तो परातीवर वाकला. "म्हणजे रात्री कुणी आलंच नाही. आळीतल्या ठोक्यांनी परात हलली. एवढंच."

भालूने परातीवरची नजर काढली.

"दादा नव्हताच."

बाबांनी भिक्षेची आपली थाळी पुढे ओढली. तीही तांब्याची, बाजारातली. चिमूटभर पीठ टाकून तिच्या काठावर गज ओढला. पिठाच्या आडव्या-उभ्या रेघा झाल्या, खिडकीच्या गजांसारख्या. फूल नाही.

भालू पुढे सरकला. "हे वेगळं का?"

"मी सारंगीवाला. तांबट तू."

भालूने परातीखाली हात घातला. बोटं हळूहळू फिरवली. मठारणं म्हणजे हातोड्याचा ठोका ठोक्याला जोडत जायचं, मधोमध सुरू करून गोल गोल बाहेर. मऊ तांबं त्याने कडक होतं, बोलकं होतं. प्रत्येकाचा ठोका निराळा. दादाचा अंगठा लहानपणी भाजला होता, म्हणून त्याचा ठोका किंचित डावीकडे कलायचा. शंभर भांड्यांतून भालूने तो अंधारात ओळखला असता.

बोटांना कलते ठोके लागत गेले... लागत गेले... आणि मग गुळगुळीत तांबं लागलं.

तो तसाच थांबला. मग वरून बघितलं. पाकळ्या तिथपर्यंतच आल्या होत्या. त्यापुढे काठापर्यंत पीठ नुसतं विस्कटून पडलं होतं, दिशा नसल्यासारखं.

"फूल इथं का थांबलं, बाबा?"

बाबांनी गज भिंतीला लावून ठेवला.

भालूनेच उत्तर दिलं, अगदी हलक्या आवाजात. "इथं दादाचा हात थांबला."

नदीवर कुणीतरी कपडे आपटत होतं.

"मग?" बाबांनी विचारलं.

भालूने कमरेचा हातोडा काढला. नदीकडे बघितलं. हातोड्याकडे बघितलं. सगळं पीठ फडक्यात गोळा करून गाठ मारली, परात उचलली आणि न सांगताच उतार चढायला लागला.

त्या दुपारी तो दादाच्या जागेवर बसला. त्या जागेवर दादाची बैठक पडून गोणपाट खोल झालं होतं, भालू त्यात पुरा मावेना. परात त्याने दादाच्या ठोकायच्या लोखंडी दांड्यावर चढवली. हातोडा उचलला... आणि खाली आणवेना. एक ठोका चुकला तर दादाचं सगळं बिघडेल, हे भय.

दादा म्हणायचा, "मारू नकोस रे. ठेव. ठोका ठेवायचा असतो."

त्याने पहिला ठोका ठेवला.

आळीतले हातोडे एकदम थांबले. दिगूच्या ओसरीवरून ठोका आला, तो कुणाचा ते सगळ्यांना कळलं. समोरून म्हाताऱ्या धोंडूतात्यांचा आवाज आला, "भाल्या, मनगट ढिलं सोड! म्हशीला हाणतोयस का?"

भालूला हसू आलं. हसताना डोळे भरले, आणि त्याच भरात एक ठोका तिरका गेला. तो थांबला नाही. जरा वेळाने एकेक करून सगळ्या ओसऱ्या पुन्हा वाजायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी परात घेऊन तो मठात आला, या वेळी काखेत मारून. फडक्यातलं पीठ पसरलं. बाबांनी गज ओढला.

परात कण्हली नाही, घुमली. पीठ उठलं. मधल्या पाकळ्या दादाच्या जागी उमटल्या, पुढे सरकल्या, गुळगुळीत तांबं होतं तिथून पार गेल्या आणि काठाला जाऊन टेकल्या.

एक पाकळी वाकडी होती.

भालूने तिच्यावर बोट ठेवलं. "इथं धोंडूतात्यांनी हसवलं."

"हं."

"पुन्हा वाजवा. जरा दुसरीकडून."

बाबांनी दुसरीकडून गज ओढला. फूल विरलं, चांदणी झाली. तिसरीकडून ओढला, जाळी झाली. भालू परातीभोवती गुडघ्यांवर फिरत होता. कधी मान तिरकी, कधी नाक पिठाला टेकलेलं. मग त्याने गजच हातातून ओढून घेतला. काही वेळ त्याला बाबा दिसत नव्हते, नदी दिसत नव्हती. खिशातून खडू काढून तो ओट्यावर एकेक आकृती उतरवत गेला. ओटा भरला. मग पायरी भरली.

बाबा खांबाला टेकून बसले होते.

"बरं," शेवटी ते म्हणाले, "काल काय विचारत होतास? आता विचार."

भालूने मान वर केली. नाकाच्या शेंड्याला पीठ होतं. त्याने तोंड उघडलं... मिटलं... पुन्हा उघडलं.

"बाबा, पिठाऐवजी वाळू टाकली तर हेच फूल येईल?"

बाबा हसले. दात थोडेच होते, पण सगळे दिसले.

"मला काय ठाऊक? मला भूक लागलीय. आज भिक्षेला कोण जाऊ देतंय? गज तुझ्या हातात."

भालू ओशाळला. "घरून आणतो काहीतरी."

"हे काय समोर आहे."

"हे? बाबा, हे त्या रात्रीचं पीठ आहे. दहाव्याचं. हे खात नाहीत."

"ज्वारीचंच ना?"

"...हो."

"मग पाणी आण."

भालूने नदीचं पाणी आणलं. परातीतल्या शेवटच्या आकृतीकडे एकदा बघून घेतलं आणि त्यावर पाण्याची धार सोडली. पीठ मळलं. मळताना बोटं तळाला टेकत होती. मधोमध कलते ठोके, कडेला आपले. बाबांनी तीन दगडांत काटक्या पेटवून तवा ठेवला.

गोळा करून त्याने परातीत पहिली भाकरी थापायला घेतली, हलक्या हाताने, तांब्याला धक्का लागू नये अशा बेताने.

"ही कुणाची?" बाबांनी विचारलं.

"दादाची. पहिली त्याला वाढायचो... म्हणजे तोच मला वाढायचा. आज मी वाढतो."

बाबांनी तव्याखाली एक काटकी सरकवली.

"मग जरा जोरात थाप की रे. ऐकू येऊ दे."