वडखुटे स्टेशनावर वाजलेला ढोल

"मग तो ढोल कोणासाठी वाजत होता, बाबा?"

विश्वंभरने बसायच्या आधीच विचारलं. आवाजात राग होता.

भिकनबाबा चिंचेखाली भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांची झोपडी वडखुटे स्टेशनाला लागूनच. उघड्या माळावर एक खोली, एक बाक आणि मुरुम पसरून केलेला फलाट, एवढंच ते स्टेशन. गाडी तिथं थांबायची तीसुद्धा घाईतच.

"काय झालं ते तर सांग," बाबा म्हणाले.

विश्वंभर मोठा प्रवचनकार. शहराशहरांतून त्याच्यासाठी मांडव पडत. तरुणपणी तो याच झोपडीत बाबांपाशी राहिला होता. निघताना बाबा म्हणाले होते, "अहंकार गेला असं वाटेल त्या दिवशी ये. दीक्षा देईन."

आज तो त्यासाठीच आला होता.

गाडी थांबली तेव्हा फलाटावर अख्खं गाव लोटलेलं. ढोल वाजत होता. एका म्हाताऱ्याच्या हातात झेंडूचा हार होता. विश्वंभर पायऱ्या उतरला, डब्याच्या दाराशीच थांबला, डोळे मिटले आणि मान खाली घातली.

हार काही गळ्यात पडला नाही.

शिट्टी झाली. लोक ओरडायला लागले. तेवढ्यात मागून कुणाचा तरी हात त्याच्या खांद्यावर पडला.

"हलू नका, दादा!"

एका बाईनं त्याच्या खांद्यावर सगळा भार टाकला आणि ती खाली उतरली. लगेच गाडी हलली. लोकांनी एकच जल्लोष केला आणि विश्वंभरला बाजूला सारून हार तिच्या गळ्यात घातला.

"माझा खांदा धरला, बाबा. विचारलंसुद्धा नाही! कोण आहे ती?"

"तान्हाबाई. शेळ्या राखते."

"शेळ्या राखणारीसाठी ढोल?"

"तिला साप चावला होता. जीव वाचला, पण पाय गुडघ्याखाली कापावा लागला. गावानं झोळीत घालून तिला गाडीत चढवली. तेव्हा ती म्हणाली होती, येताना माझी मी उतरेन." बाबांनी एक शेंग फोडली. "आज नवा पाय लावून आली."

विश्वंभर बाबांशेजारी खाली बसला.

"गाडी सुटत होती," तो म्हणाला.

"हो."

"आणि मी दाराशीच वाट अडवून उभा होतो."

"हो."

"ती पडली असती, बाबा..."

बाबांनी सोललेले दाणे त्याच्या हातावर ठेवले.

"म्हणजे माझा अहंकार गेलेला नाही?"

"मान मात्र छान वाकवलीस. मी इथून बघत होतो."

विश्वंभरच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हातातले दाणे तसेच राहिले.

ढोल जवळ आला. गावाची वाट झोपडीवरूनच जात होती. तान्हाबाई सगळ्यांच्या पुढं होती. पाऊल टाकताना तिचा चेहरा आवळला जाई, पण ती थांबत नव्हती. बाबांसमोर येऊन ती उभी राहिली.

"बाबा, पाया पडले असते. पण वाकता येत नाही अजून."

"वाकू नकोस," बाबा म्हणाले. "अशीच उभी राहा. बघू दे."

ती उभी राहिली. बाबा पाहत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते.

मग तिचं लक्ष विश्वंभरकडे गेलं. "दादा, तुम्ही खांदा दिलात म्हणून उतरले. नाहीतर आज माझं काही खरं नव्हतं."

विश्वंभर उठला. तो पुढं झाला आणि त्यानं आपला खांदा तिच्यासमोर केला.

"धरा, ताई. गावापर्यंत येतो तुमच्याबरोबर."

तान्हाबाई हसली.

"आता नको, दादा. तेवढ्यापुरताच लागला. इथून पुढं माझी मी."

आणि ती निघाली. कुणीतरी बैलगाडी पुढं आणली. तिनं हातानंच नको म्हटलं. मान ताठ, नजर समोर. चढ लागला तरी तिचा कणा वाकला नाही. मागून ढोल, त्याच्यामागून गाव.

विश्वंभर तसाच उभा होता. ढोलाचा आवाज दूर दूर गेला... माळ पुन्हा शांत झाला.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "एवढी ताठ मान... मदत नको म्हणणं... हासुद्धा अहंकारच ना?"

बाबांनी मांडीवरची टरफलं झटकली.

"तिलाच विचार," ते म्हणाले. "पण ती बरीच पुढं गेली. गाठशील?"