साठवलेला आराम

नदीवर पूल बांधता येतो हे अजून कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं, तेव्हाची ही फार जुनी गोष्ट. एका काठावर गाव, दुसऱ्या काठावर बाजार आणि मधे एक नावाडी. लांब बांबू पाण्यात रोवून तो नाव अशी ढकलायचा की टोपलीतली अंडी पैलतीरापर्यंत हलायची नाहीत.

एका उन्हाळ्यात त्याच्या कमरेत चमक भरली, ती जाईना. बांबू बायकोनं हाती घेतला. पाणी उथळ होतं, तिला जमायचं. पण पावसाळ्यात ते काम दोघांचं: एकानं नाव आवरायची, दुसऱ्यानं घाटावरून दोर ओढायचा. पूर यायच्या आत नवरा उभा राहायला हवा होता.

गावात अंग चोळणारी एक आजी होती. तिनं अंगठ्यांनी कंबर दाबून मोकळी केली. नावाडी ताठ बसला. आजी म्हणाली, "लेका, माझ्या हाताचा गुण संध्याकाळपर्यंत. तेवढ्यात ऊठ, घाटापर्यंत चाल, दोर ओढून बघ. थोडं दुखेल. दुखू दे."

नावाडी भारी काटकसरी. गूळही असा ठेवायचा की मुंग्यांना पत्ता लागू नये. त्याला वाटलं, इतक्या दिवसांनी बरं वाटतंय, ते चालण्यात कशाला उधळा? तो जपून आडवा झाला. संध्याकाळी कंबर पुन्हा धरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आजी, पुन्हा तेच. शेवटी ती म्हणाली, "मला कामाला लावलंस बाबा. स्वतःला कधी लावणार?"

हे त्याला झोंबलं. त्यानं तिला बोलावणं बंद केलं.

मग एक फिरता वैद्य आला. त्याच्याकडे काशाची वाटी होती. ती घुमवून तो कमरेवरून फिरवायचा. हिचा नाद माणसाला ऐकू येत नाही पण हाडापर्यंत पोचतो, असं सांगायचा. वाटी कोमट होती, आणि ऊठ म्हणून कुणी मागे लागत नव्हतं. नावाडी खूश.

आढ्याला एक वटवाघूळ लटकलेलं असे. नावाड्यानं त्याला विचारलं, तुला तरी तो नाद ऐकू येतो का?

"येतो की," वटवाघूळ म्हणालं. "नाद खरा आहे. मीही तसाच आवाज टाकून अंधारात भिंत शोधतो. पण माझ्या आवाजानं वाकडी भिंत सरळ झालेली काही पाहिली नाही."

उलट्या टांगलेल्याला सरळ काय कळणार, असं म्हणून नावाड्यानं कूस बदलली.

पाऊस लागला. बायको रोज म्हणायची, निदान घाटापर्यंत तरी चला. तो म्हणायचा, उद्या.

एका तिन्हीसांजेला पाणी चढलं. ती एकटीच नाव घेऊन परतत होती. काठ जवळ येताच तिनं दोर फेकला. तो घाटाच्या पायरीवर येऊन पडला.

"अहो, दोर धरा."

हाक झोपडीत पोचली. नावाडी उठला. पडून पडून कंबर मुळीच दुखत नव्हती. पण उन्हाळाभर न वापरलेले पाय दाराबाहेरच दुमडले. तो सरपटत घाटावर आला, तेव्हा दोर पायरीवरून घसरून गेला होता. नाव नव्हती. हाकही नव्हती.

त्यानंतर लोक दूरच्या उतारानं, उथळ पाणी पायी ओलांडून, बाजाराला जाऊ लागले. ओस घाटावर मात्र तो रोज सकाळी चालत यायचा, एका धोंड्याला दोर बांधायचा आणि ओढायचा. चांगला ओढायचा. कंबर दुखायची. तो दुखू द्यायचा.

दुसऱ्याच्या हातून मिळालेला आराम साठवून राहत नाही; तो मिळताक्षणी आपल्या पायांवर खर्चावा लागतो.